ठिपका क्रमांक तेवीस

"हा तू," दहिफळे सर म्हणाले आणि त्यांनी पेन्सिलीचं टोक आलेखावर टेकवलं.

कागदावर चाळीस ठिपके होते. त्यातले एकोणचाळीस डावीकडून खालून उजवीकडे वर, प्रार्थनेला निघालेल्या पोरांसारखे धक्काबुक्की करत का होईना, पण एका रांगेत चालले होते. एक ठिपका डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात एकटाच होता. वर्गाबाहेर उभा केल्यासारखा.

"मी तिथं काय करायलोय, सर?"

"तेच मी दोन महिने विचारायलोय."

शनिवार होता. सकाळची शाळा सुटली होती आणि प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. दहिफळे सर आमचे दहावी 'ब'चे वर्गशिक्षक. शिकवायचे भूगोल, पण पीएचडी करत होते शिक्षणशास्त्रात. त्यांच्या प्रबंधाचा विषय सगळ्या वर्गाला पाठ होता: 'माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांची भावनिक बुद्धिमत्ता व शैक्षणिक संपादणूक यांच्यातील सहसंबंधाचा अभ्यास.' म्हणजे ज्याला स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना कळतात, त्याला मार्कही चांगले पडतात, असं सरांना सिद्ध करायचं होतं. सरांना ते मनापासून खरंही वाटायचं. त्यासाठी ऑगस्टमध्ये त्यांनी आमची चाचणी घेतली होती. चाळीस विधानं, प्रत्येकाला 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच पर्याय, एकूण गुण दोनशे.

मयूरी पाखरे: सहामाहीत चौऱ्याण्णव टक्के, भावना एकशे एकसष्ट. भालेराव: बावन्न टक्के, भावना एकशे अठ्ठावीस. त्याचा ठिपका रांगेच्या बरोबर मधोमध होता. भालेराव सगळीकडे असाच असायचा, मधोमध आणि कुणाच्या लक्षात न येणारा.

हजेरी क्रमांक तेवीस, वैजनाथ कोरडे, म्हणजे मी: एकोणतीस टक्के, भावना एकशे चौऱ्याण्णव.

"माझे मार्गदर्शक म्हणाले, असा मुलगा असूच शकत नाही," सर म्हणाले.

"मग?"

"मी म्हटलं, आहे. पहिल्या बाकावर बसतो."

मी हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, ती घरंगळली, त्यांनी पुन्हा ठेवली.

"वैजू, सोमवारी वडिलांना घेऊन ये. मुख्याध्यापिका मॅडमनी बोलावलंय. अकरा वाजता."

मला कळलं. आमच्या शाळेला त्या वर्षी शंभर टक्के निकाल हवा होता. हवा होता म्हणजे, संस्थेनं गेटवरचा फलक दिवाळीतच रंगवून घेतला होता: 'दहावीचा निकाल १००%'. परीक्षा मार्चमध्ये होती, पण पेंटर दिवाळीत मोकळा होता. आता फक्त फलक खरा करायचा होता, आणि त्यासाठी काही पोरांचे दाखले काढून त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा, म्हणजे शाळेबाहेरून परीक्षेला बसवायचं, असा बेत होता. काही पोरं म्हणजे मी. बाकीच्या एकोणचाळीस जणांनी काठावर का होईना, सहामाही काढली होती.

"अर्ज तयार आहे," सर म्हणाले. "वडिलांची सही झाली की..."

"सर, मी गेलो तर तुमचा आलेख पण सरळ होईल ना?"

"तुला काय वाटतं, मी तसला माणूस आहे?"

"नाही सर. पण तुम्ही एकदा मला खोडून बघितलंय."

माझ्या ठिपक्याभोवती कागद खरखरीत झाला होता. खोडरबरानं फुलतो तसा. सरांनी त्या खरखरीत जागेवरून बोट फिरवलं.

"दोनदा," ते म्हणाले. "शून्य पूर्णांक एकोणतीसचं अठ्ठावन्न होतं. सहसंबंध गुणांक. तू नसलास की. मग मला जेवण गेलं नाही, म्हणून तुझा ठिपका परत काढला."

एवढं खरं बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला त्यांची काळजी वाटायला लागली.

"मला एक सांग," सर एकदम म्हणाले, "इतका हुशार आहेस भावनेत, मग भूगोलात काय होतं तुला?"

"भीती वाटते, सर."

"कशाची?"

"ते कळत नाही. पेपर हातात आला की मी आधी सुपरवायझरकडं बघतो."

"का?"

"बघायला लागतं."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी कपाटातून प्रश्नसंच काढला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. "मी विचारतो. घाई नाही, मार्क नाहीत. ज्वारीला कोणती जमीन चांगली? अ, जांभी. ब, काळी. क, गाळाची. ड, वालुकामय."

मी बीड जिल्ह्यात जन्मलो. पायाला तीच माती लागलेली होती. तरी मी म्हणालो, "अ..." आणि थांबलो. सरांची उजवी भुवई किंचित खाली आली. "नाही, ब," मी म्हणालो. भुवई जागेवर गेली.

असे वीस प्रश्न झाले. माझी एकोणीस उत्तरं बरोबर आली. विसावा प्रश्न पठाराच्या उंचीचा होता. सरांचा चेहरा अगदी ठामपणे 'क' म्हणत होता, म्हणून मी 'क' म्हणालो. त्यांनी मागचं पान उलटून बघितलं तर उत्तर 'ड' होतं.

"अरे, हे मलाही क वाटत होतं!" सर म्हणाले.

मला माहीत होतं. वीसपैकी वीस उत्तरं मी सरांच्या तोंडावरूनच वाचली होती.

हे मी त्यांना तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. पण सर उठून उभे राहिले होते. त्यांनी स्टूल पाडलं होतं. "तुला सगळं येतं, वैजू! तुला सगळं येतं! पेपर बघून तू फक्त गोठतोस!" असं म्हणत ते प्रयोगशाळेतल्या हाडांच्या सापळ्यापर्यंत गेले आणि परत आले. माझ्यामुळे एवढा आनंद झालेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तो मोडायचा कसा, हे चाळीस विधानांत कुठेच नव्हतं.

ते तसेच मॅडमच्या केबिनमध्ये गेले. परत आले तेव्हा ठरलं होतं: सोमवारी अकरा वाजता, वडिलांसमोर, मॅडम स्वतः मला तोंडी प्रश्न विचारणार. आली उत्तरं तर मी शाळेत. नाही आली तर सही.

"घाबरू नको," सर म्हणाले. "मी बाजूलाच उभा राहीन."

आता अडचण अशी होती की घरी सांगायचं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाण्याचा टँकर चालवायचे. टँकरचं दार एकदा आपटलं की मी पुस्तक उघडायचो. दोनदा आपटलं की मला ताप यायचा. न आपटताच अण्णा आत आले, तर आई आणि मी दोघंही काहीतरी शोधायला मागच्या खोलीत जायचो. अण्णांनी मला उभ्या आयुष्यात फक्त तीनदा मारलं. पण मारण्याचं वेळापत्रक लावलेलं नसल्यामुळे उरलेले दिवसही मला तयारीत राहावं लागायचं. रागाची खूण मला पाठ होती: जबडा आवळायचा, कान लाल व्हायचे आणि उजवा अंगठा शेजारच्या बोटावर घासला जायचा. काडेपेटी ओढल्यासारखा.

रविवारी दुपारी मी सांगितलं. सगळं, एका दमात, उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून.

अण्णांचे कान लाल झाले. जबडा आवळला. अंगठा घासायला लागला. मग ते उठले आणि टँकर धुवायला गेले. तो सकाळीच धुतलेला होता. त्यांनी तो पुन्हा धुतला.

"तू आत्ता म्होरं जाऊ नकोस," आई म्हणाली.

"लई चिडलेत का?"

"मला काय ठाव? मी पण तुझ्यासारखीच बघायलेय."

मी भूगोलाचं पुस्तक घेऊन बसलो. बाहेर बादली वाजली की मान वर, पाणी थांबलं की मान वर, अण्णा खाकरले की मान वर. संध्याकाळपर्यंत पंधरा ओळी वाचून झाल्या. पंधराही वेळा तीच ओळ.

सोमवारी मॅडमच्या केबिनमध्ये लवंगेचा वास येत होता. चौसाळकर मॅडम टेबलाच्या मागे बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर भिंतीला त्यांचाच फोटो होता, आणि फोटोतला चेहरा आणि खालचा चेहरा यांत हालचालीचा काहीही फरक नव्हता. डावा तळहात गालाला, उजव्या हातात प्रश्नसंच. टेबलाच्या काचेवर अर्ज ठेवलेला. अण्णा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, जणू ती दुसऱ्या कुणासाठी राखलेली होती. दहिफळे सर ठरल्याप्रमाणे बाजूला उभे राहिले आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाले, शाबास. अजून काहीच झालं नव्हतं.

"पहिला प्रश्न," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तो वाचला, पर्यायांसकट.

पर्याय वाचले जात असताना मी सरांकडे बघत होतो. सरांचा गळा 'ब'ला हलला. "ब," मी म्हणालो.

"दुसरा."

"अ... नाही, ड."

"बरोबर." मॅडमनी पुस्तक खाली घेतलं. माझ्याकडे बघितलं. मग सरांकडे. मग परत माझ्याकडे. "दहिफळे सर, तुम्ही जरा खिडकीकडं तोंड करून उभे राहा."

"मी? का, मॅडम?"

"प्रश्न मी विचारायलेय आणि हा बघतोय तुमच्याकडं."

सर वळले. मी त्यांच्या पाठीवरूनही काही कळतंय का ते पाहिलं. सदरा घामानं चिकटला होता. एवढंच कळलं, आणि ते कुठल्याच पर्यायात नव्हतं.

"तिसरा," मॅडम म्हणाल्या. नद्यांबद्दल काहीतरी होतं. मी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथं काही नव्हतं. वर फोटोत बघितलं. तिथंही नव्हतं. मग मी अण्णांकडे बघितलं.

जबडा आवळलेला होता. कान लाल झाले होते. अंगठा बोटावर घासत होता. पण अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. मॅडमकडेही नाही. ते त्या काचेवरच्या कागदाकडे बघत होते, आणि मध्येच त्यांनी तळहात पँटला पुसला. मग दुसरा पुसला. रस्त्यात समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला खाली उतरवून भांडणारा हा माणूस एका अर्जाकडे असा बघत होता, जसा मी पेपरकडे बघायचो.

खूण तीच होती. घरी मी तिला कायम एकाच नावानं ओळखत होतो.

"येत नाही, मॅडम," मी म्हणालो.

"मग आधीची दोन कशी आली?"

"सरांच्या तोंडावरून."

खिडकीशी सरांचे खांदे हलले. "आणि शनिवारची एकोणीस?" त्यांनी खिडकीला विचारलं.

"ती पण, सर."

"आणि चाचणी? एकशे चौऱ्याण्णव?"

"विधानं तुम्ही मोठ्यानं वाचत होता, सर. मी पहिल्या बाकावर होतो. वाईट विधान आलं की तुमचं नाक आक्रसायचं. तिथं मी 'पूर्ण असहमत' लिहायचो."

सर खिडकीकडेच तोंड करून उभे होते, कारण त्यांना वळा असं कुणी सांगितलं नव्हतं.

"असं," मॅडम म्हणाल्या. "मग आता माझ्या तोंडावर काय लिहिलंय, वाच."

मी वाचलं. "तुम्ही चिडलात. मला काढायचं पक्कं केलंय तुम्ही."

"माझी दाढ दुखतेय," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारपासून."

त्यांनी गाल दुसऱ्या हातावर घेतला आणि अर्ज अण्णांकडे सरकवला. "कोरडे, मुलगा प्रामाणिक आहे. पण नापास होणार. बाहेरून बसवा, मन लावून करेल. इथं सही करा."

"वाचून दाखवा," अण्णा म्हणाले.

"वाचण्यासारखं काही नाही त्यात."

"तरी वाचा."

मॅडमनी वाचलं. 'मी खाली सही करणार माझ्या पाल्याचा दाखला स्वेच्छेने काढून घेत आहे.' स्वेच्छेने हा शब्द आधीच छापलेला होता.

"घरी पण असंच करतो ह्यो," अण्णा म्हणाले. कागदाशीच बोलत होते. "मी आलो की आधी माझ्या तोंडाकडं बघतो, मग ताटाकडं. मला वाटायचं, पोरगं मायाळू हाय." त्यांचा अंगठा थांबला. "मी काय लई मारत न्हाई, मॅडम."

मॅडमनी तसं काही विचारलेलं नव्हतं.

"तीनदा मारलंय," अण्णा म्हणाले.

आकडा त्यांनाही माहीत होता.

मग त्यांनी अर्ज एका बोटानं परत सरकवला. टेबल मोठं होतं, अर्ज मध्येच थांबला. "असाच एक कागद माझ्या बापानं केलता सही. मी सातवीत होतो. त्यानं वाचून घेतला नव्हता. म्या न्हाई करत सही. नापास व्हायचा आसंल तर होऊ द्या. पण हितनं होऊ द्या."

मॅडमनी कागदाकडे बघितलं, मग मला अजिबात वाचता न येणाऱ्या चेहऱ्यानं अण्णांकडे. "पालकांची सही नसेल तर मला दाखला काढता येत नाही," त्या म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या. अर्ज त्यांनी खणात टाकला आणि त्याच खणातून लवंग काढून दाढेत धरली.

"आणि फलकाचं, मॅडम?" सरांनी खिडकीला विचारलं.

"फलक पुसता येतो. तुम्ही वळा आता."

सर वळले. मला वाटलं ते रडले असतील. म्हणजे, वाटलं; नक्की सांगत नाही. माझा त्या दिवशी अंदाज चुकत होता.

त्यानंतर चार महिने सरांनी मला रोज शाळा सुटल्यावर शिकवलं, भिंतीवरचा भारताचा नकाशा काढून तोंडासमोर धरून. नकाशामागून प्रश्न यायचा, नकाशाकडे बघून मी उत्तर द्यायचो. सरांचा चेहरा मी त्या काळात पाहिलाच नाही. नद्या मात्र सगळ्या पाठ झाल्या. गणितालाही नकाशाच असायचा. फेब्रुवारीत त्यांनी फळ्याकडे तोंड करून माझी भावनिक चाचणी पुन्हा घेतली. मला एकशे सतरा पडले.

"पडलास की रे!" सर ओरडले. माझ्या पडण्यानं इतकं खूश झालेलं दुसरं कुणी मला आजतागायत भेटलेलं नाही.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. सरांचा प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, मी जाऊन बघून आलो. माझा ठिपका कोपऱ्यातच आहे. त्याच्या खाली, रांगेत, दुसरा एक ठिपका आहे, आणि दोघांमध्ये सरांनी हातानं एक बाण काढलाय. बाणाचा अर्थ प्रबंधात कुठेही दिलेला नाही. तोंडी परीक्षेत त्यांना तेवढंच विचारलं म्हणे, आणि सर खिडकीकडे बघत उत्तर देत होते. पदवी मिळाली.

दहावीला मला एक्कावन्न टक्के मिळाले. शाळेचा निकाल साडेसत्त्याण्णव टक्के लागला. भालेराव नापास झाला. गणितात. त्याच्याकडे वर्षभर कुणी बघितलंच नव्हतं, मीसुद्धा.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी संध्याकाळी टँकरचं दार एकदा आपटलं, आणि मी सवयीनं पुस्तक उघडून मान वर केली. अण्णा आत आले नाहीत. अंगणातूनच मोठ्यानं म्हणाले, "मागचं टायर बसलंय. त्याचा राग हाय. दुसऱ्या कुणाचा न्हाई."

"बरं!" शेजारच्या घरातून कुणीतरी म्हणालं.

मग ते रोजचंच झालं. "आज बरं हाय." "आज पाटलाच्या हौदावर भांडण झालं, तिथंच संपलं." "आज काय न्हाई, पाय दुखायलेत." अख्ख्या गल्लीला अण्णांची तब्येत तोंडपाठ झाली. सुरुवातीला मी तरी बघायचो, खरं बोलतात का ते तपासायला. मग कधीतरी बघायचं राहून गेलं.

मार्चमध्ये, पहिल्या पेपरला, अण्णांनी मला टँकरमधूनच केंद्रावर सोडलं. बाकी पोरांचे आईबाप दही-साखर देत होते, पाठीवर हात फिरवत होते. अण्णा इंजिन चालूच ठेवून बसले. जबडा आवळलेला, अंगठा स्टिअरिंगवर घासत होता.

"मला भ्या वाटायलंय," ते इंजिनच्या आवाजावरून ओरडले. गेटवरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. "मला. तुला न्हाई. तू हिकडं बघू नकोस. जा."

मी गेलो. जागा शोधली, बसलो. पेपर आला.

त्या वर्गात सुपरवायझर बाई होत्या की सर, हे मला आजही सांगता येत नाही.